इंकजेट प्रिंटरची शाई आणि कार्ट्रिज : छपाईच्या दर्जाचा तौलनिक विचार

प्रस्तावना

शाळेच्या कार्यालयातून रोज निघणाऱ्या कागदांचे आयुष्य सारखे नसते. सहलीची सूचना दोन दिवसांत रद्दीत जाते. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका तासाभराने निकामी होते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र विद्यार्थ्याला पुढे महाविद्यालयात, पासपोर्टसाठी, नोकरीत आणि कधी जन्मतारखेच्या पुराव्यासाठी तीस-चाळीस वर्षांनीही काढून दाखवावा लागतो. हे तिन्ही कागद पुष्कळ ठिकाणी एकाच प्रिंटरवर, एकाच शाईने छापले जातात. ती शाई कोणत्या जातीची आहे याची विचारपूस बहुधा होत नाही. विचारपूस होते ती किमतीची.

दाखले हाताने लिहिले जात तेव्हा असे नव्हते. जनरल रजिस्टर व दाखले निळ्या-काळ्या पक्क्या शाईनेच लिहावेत, असा जुन्या मुख्याध्यापकांचा आग्रह असे. त्यामागे अनुभव होता. संगणक आला, अक्षर सुबक झाले, आणि शाईबद्दलचा तो आग्रह मात्र नकळत गळून पडला. प्रस्तुत लेखात इंकजेट प्रिंटरच्या शाया व कार्ट्रिज यांची तुलना करताना हाच मुद्दा मध्यभागी ठेवला आहे. ‘चांगली छपाई’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. अक्षर आज किती रेखीव दिसते? रंग मुळाबरहुकूम उतरतो का? आणि छापलेले किती वर्षे टिकते? एका प्रश्नात पहिली येणारी शाई दुसऱ्यात नापास होऊ शकते. दुकानदार बहुधा पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दाखवतो, कारण तेवढेच काउंटरवर उभ्या उभ्या दाखवता येते.

थेंब उडविण्याच्या दोन रीती

इंकजेट म्हणजे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर नेमक्या जागी उडविणे. घरगुती व कार्यालयीन प्रिंटरांत हे दोन रीतींनी केले जाते. पहिली उष्णतेची. कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७७ साली इचिरो एन्दो यांच्या हातून तापलेला सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागला आणि सुईच्या टोकातून शाईचा थेंब उडाला. त्यातून ‘बबल जेट’ची कल्पना निघाली. जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत एचपी कंपनीही स्वतंत्रपणे याच तत्त्वावर काम करीत होती. तिचा थिंकजेट हा प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आला. त्याच्या कार्ट्रिजला अवघी १२ छिद्रे होती आणि चांगल्या छपाईसाठी त्याला खास कागद लागे. साध्या कागदावर काम करणारा डेस्कजेट १९८८ मध्ये आला. या रीतीत छिद्रामागची लहानशी तापपट्टी काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, शाईतल्या पाण्याचा बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो.

दुसरी रीत पिझो स्फटिकाची. विजेचा दाब दिला की हा स्फटिक आकार बदलतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा शाईला रेटतो. येथे शाई तापविली जात नाही. एप्सन कंपनीने हीच वाट धरली आणि १९९३ पासून आपले सुधारित ‘मायक्रो पिझो’ हेड बाजारात आणले.

ग्राहकाच्या दृष्टीने या भेदाला फार महत्त्व आहे. एचपी व कॅननच्या अनेक स्वस्त प्रिंटरांत छपाईचे हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. नवी कार्ट्रिज घातली की नवे हेड मिळते, आणि वाईट शाईने छिद्रे बुजली तर नुकसान एका कार्ट्रिजपुरते राहते. एप्सनमध्ये हेड प्रिंटरमध्येच कायमचे बसविलेले असते. तेथे शाई बिघडली तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा नव्या प्रिंटरच्या किमतीजवळ जातो. म्हणून “अमुक ठिकाणी रिफिल करून छान चालले” हा शेजारच्या शाळेचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असे नाही. त्यांचा प्रिंटर कोणत्या जातीचा होता, हे आधी विचारावे.

शाईही एका रीतीची दुसरीला चालत नाही. तापपट्टीच्या हेडसाठी केलेली शाई तापून करपू नये अशी बनविलेली असते. तशी नसली तर पट्टीवर खरपुडी धरते आणि थेंब लहान होत जातात. बाजारात “सर्व प्रिंटरांसाठी” म्हणून मिळणाऱ्या एकाच बाटलीबद्दल साशंक राहण्याचे हे पहिले कारण.

डाय इंक व पिग्मेंट इंक

इंकजेटच्या शाईत बहुतांश भाग पाण्याचा असतो. त्यात छिद्रात शाई सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल, थेंब नीट सुटावा म्हणून पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये, बुरशी धरू नये म्हणून थोडे औषध, आणि रंग. हा रंग कोणत्या रूपात आहे यावर पुढचे सगळे ठरते.

डाय इंकमध्ये रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. शाई कागदाच्या तंतूंत शिरते, पाणी उडून जाते, रंग तंतूंत राहतो. चकचकीत फोटो पेपरवर हे रंग झळाळून दिसतात. पिग्मेंट इंकमध्ये रंगाचे घन कण पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. त्यांचा व्यास साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका. पाणी कागदात जिरते आणि कण बरेचसे वरच अडकून राहतात. त्यामुळे साध्या कागदावरही काळे अक्षर गडद व काठदार उमटते.

प्रकाशात टिकण्याचा फरकही येथेच आहे. डायमध्ये रंगाचा रेणू एकेकटा असतो. प्रकाशाने किंवा हवेतील ओझोनने तो मोडला की तेवढा रंग गेला. पिग्मेंटच्या एका कणात असंख्य रेणू एकत्र असतात. बाहेरचे थर झिजले तरी आतले शिल्लक राहतात. काळ्या पिग्मेंट शाईतला रंग तर कार्बन ब्लॅक, म्हणजे साध्या भाषेत काजळीच असतो. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेल्या शाईने आपल्याकडच्या पोथ्या लिहिल्या गेल्या; फार्सी व अरबी हस्तलिखितांतही काजळी-डिंकाची शाई वापरात होती. शतके उलटली, कागद पिवळा पडला, कडा कसरीने खाल्ल्या, तरी अक्षर काळेच राहिले. त्या शाईचा एक दोष होता: डिंक पाण्यात विरघळत असल्याने ओल्या बोटाने ती पुसली जाई. आजच्या पिग्मेंट शाईत डिंकाच्या जागी कृत्रिम राळ वापरतात, त्यामुळे ती पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही.

मग सगळीकडे पिग्मेंटच का वापरत नाहीत? कारण चकचकीत कागदावर पिग्मेंटचे कण पृष्ठभागावर बसतात आणि तिरपे पाहिले असता काळ्या भागावर पितळी झाक दिसते. पूर्वीच्या पिग्मेंट शायांत आणखी एक खोड होती. २००० साली आलेल्या एप्सन स्टायलस फोटो २००० पी या प्रिंटरची छायाचित्रे अतिशय टिकाऊ ठरली, पण दिव्याखाली ठीक दिसणारा चेहरा खिडकीच्या उजेडात हिरवट दिसे. पुढच्या शायांत हा दोष बराच कमी करण्यात आला. याशिवाय पिग्मेंट शाई महाग पडते, आणि प्रिंटर महिनोन्महिने पडून राहिला तर तिचे कण खाली बसतात.

बहुतेक कार्यालयीन प्रिंटरांत कंपन्यांनी मधला मार्ग काढला आहे: काळी शाई पिग्मेंट, रंगीत शाया डाय. एचपीची २१ क्रमांकाची काळी कार्ट्रिज पिग्मेंटची तर २२ क्रमांकाची रंगीत डायची होती. कॅननच्या पीजी-४० व सीएल-४१ या जोडीतही हीच विभागणी. ‘पीजी’ ही अक्षरेच पिग्मेंटची. टाकीच्या प्रिंटरांत कॅननची जीआय-७९० काळी आणि एचपीची जीटी-५३ काळी या पिग्मेंट शाया आहेत. एप्सनच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. तिची ००१ क्रमांकाची काळी शाई पिग्मेंट आहे, ००३ क्रमांकाची काळी डाय. दोन्ही बाटल्या दुकानात शेजारी मांडलेल्या असतात, आणि ज्या प्रिंटरला जी नेमून दिली आहे तीच त्यात घालावी लागते. म्हणजे शाईची निवड खरे तर प्रिंटर विकत घेतानाच होऊन जाते. दाखले छापायचे असतील तर प्रिंटरच्या किमतीआधी त्याच्या काळ्या शाईची जात विचारणे श्रेयस्कर.

यावरून एक विचित्र गोष्ट संभवते. काळी पिग्मेंट असलेल्या प्रिंटरवरही, संगणकात कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ निवडला किंवा काळी संपली म्हणून रंगीतावरच काम भागविले, तर काळे अक्षर तीन रंगीत डाय मिसळून छापले जाते. दिसायला थोडे तपकिरी किंवा निळसर, आणि पाण्याचा थेंब पडताच फुटणारे. दाखल्यावरचे काळे अक्षर काळ्याच शाईने छापले गेले आहे ना, हे पाहावे ते यासाठी.

देवनागरी पानावरील परीक्षा

प्रिंटरांच्या जाहिरातींत ‘४८०० बाय १२०० डीपीआय’ असे आकडे असतात. हे आकडे थेंब किती जागी ठेवता येईल हे सांगतात. अक्षर तेवढ्या बारकाईने उमटते असे नव्हे. थेंबाचा आकार आज एक ते काही पिकोलिटर असतो (एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग), पण साध्या कागदावर पडताच तो पसरतो. तेव्हा आकड्यांपेक्षा छापलेले पान वाचावे, आणि ते आपल्या लिपीत वाचावे. कंपन्यांचे नमुन्याचे पान बहुधा रोमन लिपीत असते. देवनागरीच्या अडचणी त्यात दिसतच नाहीत.

पहिली अडचण शिरोरेषेची. प्रिंटरचे हेड कागदावर आडवे धावते आणि बंद पडलेले छिद्र आडवी पांढरी रेघ सोडते. रोमन अक्षरांत उभ्या, तिरप्या, गोल रेषा अधिक. अशी रेघ गेली तरी शब्द वाचता येतो. मराठी शब्दाचा सगळा माथा एका आडव्या रेषेत असतो. शेजारची दोन-तीन छिद्रे बुजली आणि त्यांची जागा शिरोरेषेवर आली, की ती ओळभर फिकी पडते किंवा मधून चिरल्यासारखी दिसते. ‘ड्राफ्ट’ प्रकारात हे अधिक जाणवते, कारण हेड त्या जागेवरून एकदाच फिरते. उच्च दर्जाच्या छपाईत ते अनेकदा फिरून रिकामी जागा दुसऱ्या छिद्राने भरून काढते.

दुसरी अडचण उभ्या रेषांची. वेळ वाचावा म्हणून हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापते. दोन फेऱ्यांची जुळणी केसभर चुकली तरी काना आणि अक्षरांचे दंड करवतीसारखे दातेरी होतात. येथे शाई बदलून काही होत नाही. प्रिंटरच्या सेवासूचीतील ‘हेड अलाइनमेंट’ करावे लागते. शाईला दोष देऊन नवी कार्ट्रिज आणली जाते, ती बहुतेक याच चुकीमुळे.

तिसरी अडचण शाईच्या पसरण्याची, आणि तिथे शाईची जात नेमकी उघडी पडते. ८ किंवा ९ पॉइंटच्या मजकुरात ष, क्ष, ध, थ या अक्षरांतली पोकळी डाय शाईने भरून जाते. भ आणि म मधला फरक पुसट होतो. अनुस्वार वेलांटीला चिकटतो. उर्दू मजकुरात तर अर्थच पालटण्याचा धोका असतो, कारण बे, पे, ते, से ही अक्षरे केवळ नुक्त्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून ओळखली जातात. ‘ते’चे दोन आणि ‘से’चे तीन नुक्ते एकमेकांत मिसळून एकच ठिपका झाला तर वाचणाऱ्याने काय समजावे? मोठ्या शीर्षकात हे दिसत नाही. प्रश्नपत्रिकेच्या बारीक टीपेत, कोष्टकात, जन्मतारखेच्या अक्षरी नोंदीत ते दिसते.

यात अर्धा वाटा कागदाचा असतो. सामान्य झेरॉक्स कागद टोनरसाठी बनविलेला असतो. शाई त्यात तंतूंच्या वाटेने पिसासारखी पसरते. काही कागदांवर ‘कलरलॉक’ हे चिन्ह असते. अशा कागदात कॅल्शियमचा क्षार घातलेला असतो. पिग्मेंटचे कण त्याला भेटताच गोळा होऊन वरच थांबतात, अक्षर अधिक काळे दिसते आणि मागच्या बाजूला डागही कमी उतरतो. एकच शाई दोन कागदांवर छापून पाहिल्याशिवाय ‘ही शाई वाईट’ असा निवाडा देऊ नये.

छायाचित्र आणि हवेचा धडा

रंगीत छायाचित्राच्या टिकाऊपणाबद्दल कंपन्या वर्षांचे आकडे देतात. ते कसे निघतात? अमेरिकेतील आयोवा राज्यातले हेन्री विल्हेल्म हे या विषयातले जाणकार. रंगीत छायाचित्रांच्या जतनावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या संस्थेच्या चाचणीत छायाचित्र तीव्र प्रकाशात ठेवतात आणि घरात दिवसाला १२ तास ४५० लक्स प्रकाश पडतो असे धरून वर्षांचा हिशेब मांडतात. हिशेब योग्यच आहे, पण तो प्रकाशाचा आहे.

२००० साली एप्सनचे स्टायलस फोटो ८७० व १२७० हे प्रिंटर आले. प्रकाशाच्या चाचणीवरून त्यांच्या छायाचित्रांना सुमारे १० वर्षांचे आयुष्य सांगितले गेले होते. प्रत्यक्षात काही ग्राहकांची छायाचित्रे थोड्याच आठवड्यांत नारिंगी दिसू लागली, तर काहींची मुळीच बदलली नाहीत. कारण प्रकाश नव्हता, हवा होती. हवेतील ओझोन निळसर, म्हणजे सायन, डाय मोडत होता. सायन गेला की उरतो तो नारिंगी. त्या वेळचा झटपट सुकणारा फोटो पेपर सच्छिद्र होता, त्यामुळे हवेला आत शिरायला वाट मिळत होती. जी छायाचित्रे काचेच्या चौकटीत होती ती पुष्कळ वाचली. त्यानंतर टिकाऊपणाच्या चाचण्यांत ओझोन व आर्द्रता यांचाही विचार होऊ लागला.

आजच्या मूळ डाय शाया त्या मानाने सुधारल्या आहेत. तथापि नाव-गाव नसलेल्या स्वस्त बाटलीतला सायन कोणत्या जातीचा आहे हे बाटलीवरून कळत नाही. आजी-आजोबांचे जुने छायाचित्र स्कॅन करून त्याची प्रत काढायची असेल तर पिग्मेंट शाई, किंवा निदान मूळ डाय व त्याच कंपनीचा कागद, आणि वर काच, एवढे तरी करावे. स्कॅन केलेली फाइलही जपून ठेवावी. छापील प्रत फिकी पडली तर पुन्हा काढता येते, मूळ छायाचित्र हरवले तर नाही.

मूळ, कंपॅटिबल आणि रिफिल

कार्ट्रिज चार प्रकारांनी मिळते: प्रिंटरच्या कंपनीची मूळ, दुसऱ्या कंपनीने बनविलेली कंपॅटिबल, वापरलेलीत पुन्हा शाई भरलेली रिफिल, आणि मूळ म्हणून विकली जाणारी बनावट. शेवटच्या प्रकाराची चर्चाच नको. उरलेल्या तिन्हींत मूळ नेहमी चांगली आणि बाकीच्या नेहमी वाईट, असे म्हणणे जाहिरातीला शोभेल. वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे.

काळ्या मजकुरासाठी चांगल्या कंपॅटिबल शाईचे अक्षर मूळ शाईच्या तोडीचे येऊ शकते. फरक पडतो तो रंगीत छपाईत. प्रिंटरचे सॉफ्टवेअर अमुक छटेसाठी किती थेंब टाकायचे याचा हिशेब आपल्या शाईच्या घनतेवरून करते. शाई बदलली, सॉफ्टवेअर तेच राहिले, की करड्या रंगात गुलाबी किंवा हिरवी झाक येते. चेहऱ्याच्या रंगात ती लगेच डोळ्याला खुपते, नकाशात किंवा आलेखात फारशी जाणवत नाही.

रिफिलमध्ये दोष बहुधा शाईपेक्षा भरण्याच्या पद्धतीत असतो. कार्ट्रिजमध्ये स्पंज असतो. शाई घाईने भरली तर त्यात हवेचे बुडबुडे राहतात आणि अर्ध्या पानावर रंग तुटतो. हेड जोडलेली कार्ट्रिज चार-पाचदा भरल्यावर तापपट्ट्याच झिजतात. मग शाई कितीही उत्तम असो, अक्षर फिकेच येते. सर्वांत मोठी चूक म्हणजे पिग्मेंटच्या कार्ट्रिजमध्ये डाय भरणे. पिग्मेंटचे कण ज्या रासायनिक समतोलावर तरंगत असतात तो समतोल परक्या शाईने मोडतो, कणांच्या गुठळ्या होतात आणि छिद्रे बुजतात. गुठळी झाली नाही तरी दाखल्यावरचे ‘पक्के’ अक्षर कच्चे झालेले असते, आणि छापलेले पान पाहून ते कोणाला ओळखू येत नाही.

कंपन्यांचे वागणेही सरळ होते असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी दुसऱ्यांच्या चिपच्या कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली. ओरड झाल्यावर कंपनीला ते बंधन काढण्याची सोय द्यावी लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटचा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय दिला. प्रिंटर स्वस्त विकून शाईवर पैसा काढण्याच्या या व्यवहाराला ग्राहकांनीच तोड काढली होती. कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेर शाईच्या बाटल्या ठेवण्याची जुळणी पुष्कळ देशांत चालू होती. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात टाकीचे प्रिंटर स्वतःच आणले, नंतर ते भारतात आले, आणि इतर कंपन्यांनाही तोच रस्ता धरावा लागला.

खर्चाचा हिशेब मांडताना बाटलीची नव्हे, पानाची किंमत काढावी. समजा, ९०० रुपयांच्या कार्ट्रिजमधून २०० पाने निघाली, तर पानाला साडेचार रुपये पडले. ४०० रुपयांच्या बाटलीतून ४,००० पाने निघाली, तर दहा पैसे. खोक्यावरची पानांची संख्या बहुधा आयएसओ २४७११ या मानकानुसार ठराविक पाने सलग छापून काढलेली असते. रोज चार-पाच पाने काढणाऱ्या कार्यालयात ती संख्या गाठली जात नाही, कारण प्रत्येक वेळी हेड साफ करण्यात काही शाई वाया जाते.

ज्यांच्याकडे फक्त काळी छपाई आहे त्यांनी लेसर प्रिंटरचाही विचार करावा, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोनर म्हणजे कार्बनमिश्रित प्लास्टिक. ते कागदावर वितळून बसते आणि पाण्याने फुटत नाही. त्याची खोड एवढीच की पीव्हीसीच्या पारदर्शक फाइलमध्ये वर्षानुवर्षे ठेवल्यास अक्षर प्लास्टिकला चिकटते.

हवामान

ग्वाल्हेर-इंदूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते आणि सुट्टीत प्रिंटर महिनाभर बंद राहतो. जून महिन्यात शाळा उघडताना छिद्रे सुकलेली मिळतात. मग हेड साफ करण्याच्या एकामागून एक फेऱ्या केल्या जातात आणि निम्मी शाई प्रिंटरच्या तळातल्या शोषकात जाते. सुट्टीतही आठवड्यातून एकदा चाचणीचे पान काढले तर हे टळते. लागोपाठ तीन फेऱ्यांनी छिद्रे उघडली नाहीत तर रात्रभर थांबावे. सुकलेली शाई पुष्कळदा आपोआप मऊ होते. गोव्यात, बेळगावच्या घाटाकडील भागात अडचण उलटी. पावसाळ्यात उघड्यावरचा कागद ओलावा धरतो, डाय अधिक पसरते, आणि फोटो पेपरवरचा रंग सुकल्यानंतरही दमट हवेत हळूहळू पाझरतो. कागदाचे रीम प्लास्टिकमध्ये बंद ठेवणे आणि नवे छायाचित्र लगेच अल्बममध्ये न घालता दिवसभर मोकळे ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

शाळेत करता येण्याजोगी चाचणी

दोन शायांची तुलना करायची तर प्रिंटर, कागद आणि छपाईचा प्रकार एकच ठेवावा. पानावर ८, १० व १२ पॉइंटमधील मराठी मजकूर, शक्य तर उर्दूच्या चार ओळी, केसासारख्या आडव्या-उभ्या रेघा, फिकट ते गडद करड्या रंगाची पट्टी आणि एका चेहऱ्याचे छायाचित्र असावे. पान २४ तास सुकू द्यावे. मग एका ओळीवर पाण्याचा थेंब ठेवून मिनिटभराने टिपकागदाने टिपावा, दुसऱ्या ओळीवरून हायलायटर फिरवावा. डायचे अक्षर पसरेल, पिग्मेंटचे जागच्या जागी राहील.

बाटलीवर जात लिहिलेली नसेल तर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती ओळखता येते. गाळणकागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका द्यावा, तो पूर्ण सुकू द्यावा आणि पट्टीचे खालचे टोक, ठिपका पाण्यात बुडणार नाही अशा बेताने, पाण्यात धरावे. डाय असेल तर पाण्याबरोबर रंग वर चढतो, आणि काळ्यातून निळा, तांबडा, पिवळा असे घटक पुष्कळदा वेगळे होतात. काजळीची पिग्मेंट शाई बहुतांशी आहे तिथेच बसून राहते. आठवी-नववीच्या वर्गाला रंगलेखनाचा धडा शिकवताना हा प्रयोग आपसूक होऊन जातो, आणि कार्यालयालाही उत्तर मिळते.

प्रकाशाच्या चाचणीसाठी पानाची एक पट्टी उभी कापून तिचा अर्धा भाग जाड काळ्या कागदाने झाकावा आणि ती ऊन येणाऱ्या खिडकीला आतून लावावी. दुसरी तशीच पट्टी कपाटात ठेवावी. सहा आठवड्यांनी झाकलेला व उघडा भाग शेजारी ठेवून पाहावेत, विशेषतः करडी पट्टी. एखादा रंग उडाला असेल तर तो तिथे आधी दिसतो. प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने शाईचा क्रमांक, दुकानाच्या पावतीची तारीख आणि कागदाचे नाव लिहावे. पट्टी उतरवायची तारीख कार्यालयातल्या कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवावी, कारण सहा आठवड्यांनी ती कोणाच्या लक्षात राहत नाही.